बुडीत शेतातला गहू

मी, शहादेव तात्याबा घोळवे, वय अदमासे अठ्ठ्याहत्तर (जन्म निजामाच्या राज्यातला, तारीख आईलाही ठाऊक नव्हती), धंदा शेती, पूर्वी गाळपेर सहकारी संस्थेचा सचिव, राहणार मौजे उंबरजवळा, पुनर्वसित गावठाण, तालुका केज, जिल्हा बीड, आज स्वतःच्या ओट्यावर बसून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहितो. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला गावात माणूसच उरलेला नाही. हातपाय चालणारे सगळे ऊसतोडीला गेले आहेत आणि उरलेले माझ्यासारखे आहेत.

माझी बुद्धी शाबूत आहे. याबद्दल गावात दोन मते आहेत, कारण या वर्षी मी तलावात गहू पेरला. तलावात पाणी नव्हते, एवढे मात्र मत देणारे सांगत नाहीत. शरीराचे म्हणाल तर छातीत पाणी झाले आहे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी ते दोनदा काढले. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बाहेर बाकड्यावर बसवले आणि आत जाऊन माझ्या मुलाशी फोनवर बोलले. मी म्हातारा आहे, बहिरा नाही. तलाव आटला आणि माझी छाती भरली, याला काय म्हणावे ते वाचणाऱ्याने ठरवावे.

कलम एक. मला वारस दोन. मुलगा रामहरी, जो बायको सत्यभामा हिच्यासह दर वर्षी दसरा झाला की ऊस तोडायला पश्चिमेकडच्या कारखान्यावर जातो आणि उन्हाळ्यात परत येतो. आणि मुलगी मुक्ताबाई, जी गेवराई तालुक्यात तलवाड्याला दिली आहे. माझी पत्नी सावित्रीबाई दोन वर्षांमागे वारली. ती असती तर हा कागद करायची गरज पडली नसती. तिने सगळ्यांना तोंडी सांगून टाकले असते आणि तिच्यापुढे उलट बोलायची कोणाची छाती नव्हती, माझी तर नव्हतीच.

कलम दोन. पुनर्वसनातले घर, वर पत्रे, पुढे ओटा, ते रामहरीचे. मुक्ताबाई माहेरी आली की आतली खोली तिची, आणि त्या वेळी सत्यभामाने तिथे कांद्याची पोती ठेवू नयेत. हे मी आधीही बोललो होतो, पण बोललेले कोण ऐकतो, म्हणून लिहिले. ओटा कोणी पाडू नये. सावित्रीने तो तीन वेळा स्वतः लिंपला आणि चौथ्या वेळी माझ्याकडून सिमेंट करून घेतला, कारण लिंपायला तिच्याने वाकवत नव्हते.

कलम तीन. माळावरची मुरमाड जमीन दोघांत निम्मी निम्मी. तिच्यात कुसळांशिवाय काही येत नाही, त्यामुळे बहीणभावात भांडण होण्याची धास्ती नाही.

कलम चार. अवजारे. बाभळीची तिफण आणि तिचे चाडे, म्हणजे ज्या लाकडी वाटीत मूठ धरून बी सोडतात ते, शेजारणीस छबुबाईस द्यावे. या वर्षीची पेरणी तिच्या मुठीने झाली आहे. तिला उपयोग नाही, चुलीत घालील. घालू दे, मी पाहायला नसेन. सावित्रीचा विळा मुक्ताबाईला. बाकीचे विळे, सूप, वावडी, गोफण जो मागेल त्याला. कोणी मागणार नाही.

बैल मी कलमात घेतलेले नाहीत. ते विकले. पेरणीनंतर चारा छावणीत बांधले होते तेव्हा एकाची पाठ लागली, जखमेने तो जू घेईना, आणि दुसरा एकटा कुठे उभा राहतो?

कलम पाच. दहावा, तेरावा साधा करावा. दहाव्याला नदीवर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणे नकोत. आमचे चेअरमन विठ्ठलराव इंगोले येतीलच आणि बोलायला उभे राहतीलच. त्यांना पाण्याचा तांब्या द्यावा आणि खाली बसवावे. 'शहादेव म्हणजे सहकाराचा खांब' असे ते म्हणतील, मला आत्ताच ऐकू येते आहे. खांब मी होतो खरा. वर छप्पर त्यांनी घातले आणि सावलीलाही तेच बसले.

कलम सहा. हे कलम लांबेल. सगळा कागद याच्यासाठीच आहे.

आमचे एक शेत आहे, गव्हाळी नावाचे. ते तलावात आहे. म्हणजे शेत होते तिथे आता तलाव आहे. काळी, चिकण, कमरेइतकी खोल माती. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दहिवरावर तिच्यात बन्सी गहू यायचा, वरून पाण्याचा थेंब न देता. उंच, काळसर कुसळांचा, दाणा लांबट आणि पिवळाधमक. युसूफ वडगावच्या बाजारात माझ्या बापाच्या पोत्याला कोणी हात घालून पाहत नसे. तात्याबाचा गहू म्हटले की झाले.

आमच्या घरात शेत कागदाने देत नाहीत, दाखवून देतात. माझे लग्न झाले त्या साली, गहू पिकून सोंगणीला आला असताना, बापाने मला एका सकाळी गव्हाळीत नेले. चारी कोपऱ्यांना हद्दीचे दगड. प्रत्येक दगडाशी थांबायचे, तिथली एक ओंबी तोडायची, तळहातावर चोळायची, फुंकायची, आणि बापाने निम्मे दाणे स्वतः खायचे, निम्मे मुलाच्या तोंडात घालायचे. चार कोपरे, चार ओंब्या. बाप म्हणाला, "झालं. आता ह्यो तुकडा तुझा. मला इच्यारू नको." त्याच्या बापाने त्याला असेच दाखवले होते. उभ्या गव्हातच हे करायचे असते. रिकाम्या रानात कोपरे दाखवले तर ती नुसती मोजणी होते, आणि मोजणीला तलाठी आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. सरकारने काम काढले, तलावाचा बांध घालायचे. सारे गाव कामावर गेले. मी माती खणत होतो आणि सावित्री पाटीने वाहत होती. तान्हा रामहरी खड्ड्याच्या कडेला झोळीत. जेवायला सुकडी मिळे. सावित्रीने एके दिवशी मुकादमाला विचारले, "साहेब, ह्ये पानी कुठवर येनार?" त्याने दूर एक खुंटी दाखवली. खुंटी गव्हाळीच्या खाली होती, चांगली खाली. आम्ही जोमाने माती टाकली. बांध पक्का झाला पाहिजे, फुटला तर गाव जाईल, असे एकमेकांना बजावत टाकली. पाणी आले तेव्हा खुंटी त्याला कोणी दाखवली नव्हती. गव्हाळी गेली, जुने गाव गेले. ज्या बांधाने आमचे शेत बुडवले त्याच्या मातीत सावित्रीच्या पाट्या आहेत, आणि अजून तो एका थेंबाने गळत नाही.

सरकारने मोबदला दिला, जमीन सरकारजमा झाली. म्हणजे कायद्याने गव्हाळी माझी नाही, आणि जी माझी नाही ती मला मृत्युपत्राने देता येत नाही, हे मला समजते. सचिव म्हणून मी आयुष्यभर इतरांना हेच समजावले. पण तलाव आटला की ती वर येते. पाणी उतरते तसतशी ओली जमीन उघडी पडते, आणि बुडीतग्रस्तांना तिच्यात एका हंगामापुरते पेरता येते. याला गाळपेर म्हणतात. त्यासाठीच आम्ही संस्था काढली. अर्ज मी लिहिले, शिक्का मी करून आणला, अध्यक्ष विठ्ठलरावांना केले, कारण त्यांच्याकडे जीपगाडी होती. त्यांचे शेत बुडाले नव्हते, शेताची नुसती कड ओली झाली होती. पण दोस्ती होती.

आता यातली गंमत अशी, आणि गंमतच म्हणायची, दुसरा शब्द मला लिहवत नाही. थोडाफार पाऊस असला तर तलावाच्या कडा उघड्या पडतात, गव्हाळी खोलात राहते. ती वर येते फक्त मोठ्या दुष्काळात, जेव्हा दुसऱ्या कोणाच्या शेतात काहीच नसते. माझे पिकते तेव्हा गावाचे करपते. त्यावरून मी लई ऐकून घेतले आहे. "शादेव महादेवाला उलटा नवस करतो," असे म्हणणारे लोक मेले, त्यांची मुले तेच म्हणतात. मी पावसाच्या विरुद्ध कधी नवस केला नाही. पाऊस आला की मात्र मला आनंद झाला नाही, हे खरे आहे, आणि का व्हावा?

आणि दुसरी गंमत. मोठा दुष्काळ म्हणजे गावातला शेवटचा माणूसही ऊस तोडायला जातो. गहू दिवाळीला पेरायचा आणि होळीला काढायचा, आणि नेमके तेवढेच महिने रामहरी कारखान्यावर. गव्हाळी वर असते तेव्हा तो इथे नसतो. तो घरी येतो तेव्हा ती तरी पाण्याखाली असते, नाहीतर नुसत्या भेगा पडून उघडी असते. माझ्या मुलाला पंचेचाळीस वर्षे झाली आणि त्याने आपल्या शेतात उभा गहू पाहिलेला नाही. एकदाही नाही. त्याला ती जागा म्हणजे तलाव वाटते. त्यात त्याची चूक नाही, मलाच दाखवता आले नाही.

सावित्री मात्र गव्हाळीला कधी विसरू देत नसे. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, लोक आपापल्या रानात आंबील-भज्जी घेऊन जातात आणि पिकावर आंबील शिंपडतात. ही तलावाच्या काठावर जायची आणि पाण्यावर शिंपडायची. बायका हसायच्या. ती म्हणायची, "हसा. माजं रान खाली हाय. त्याला भूक लागत न्हाई व्हय?"

विठ्ठलरावांचा आणि माझा बिघाड दोन हजार तीन-चारच्या दुष्काळातला. तोवर गाळपेरीला चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या नावाने जो तुकडा निघेल तो त्याने पेरायचा, असा ठराव झाला होता. ठराव मीच लिहिला होता. त्या साली गव्हाळी वर आली आणि चिठ्ठीत ती विठ्ठलरावांच्या मेव्हण्याला निघाली. मी म्हणालो, मला चिठ्ठी नको, मला माझे शेत पाहिजे. सगळ्यांसमोर विठ्ठलराव हसले. "शहादेव, पान्याखाली कोनाचा बांध ऱ्हातो बे? समदा गाळ एकच हाय." कुदळ घेतली, तलावात उतरलो, आणि गाळ उकरून चारी कोपऱ्यांचे चार दगड उघडे केले. इतक्या वर्षांनी जिथल्या तिथे. मेव्हणाच म्हणाला, "पेरू द्या त्येला." तेव्हापासून गव्हाळी चिठ्ठीत टाकत नाहीत, आणि तेव्हापासून विठ्ठलराव माझ्याशी फक्त सभेत बोलतात. पुढे त्यांनी उपसा सिंचनाची संस्था काढली, तलावातून पाइप टाकून आपल्या उसाला पाणी नेले. तलाव लवकर आटू लागला. म्हणजे माझे शेत लवकर वर आणण्यात त्यांचाच हात आहे, पण त्यांचे आभार मानायचे मी विसरलो.

या वर्षी तलाव तळापर्यंत गेला. गावाला टँकर, जनावरे छावणीत. दिवाळीनंतर मी छावणीतून एका दिवसापुरते बैल आणले. तिफण मी धरली, चाड्यावर मूठ छबुबाईने धरली. ती माझ्याहून दोनचार वर्षांनी लहान असेल. म्हणाली, "भाऊ, आपुन दोगं मिळून एक धड मानूस व्हतो." बी बन्सीचेच, सावित्रीने राखेत घालून ठेवलेले. उगवले. असे उगवले की तलावावरचा चौकीदार राधाकिशन तोंडे रोज बांधावर उभा राहून बघतो. चारी बाजूंना भेगाळलेला पांढरा तळ आणि मधोमध हिरवा चौकोन. आता तो पिवळा पडत चालला आहे. करकोचे उतरतात, राधाकिशन त्यांना हाकलतो. त्याच्या पगारात हे काम नाही.

आता मुद्दा. मागच्या ग्रामसभेत ठरले की पाडवा झाला की तलावात खोदायची मशीन लावायची, सगळा गाळ काढायचा आणि ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी तो आपल्या शेतात न्यायचा. तलाव खोल होईल, चार लोकांची शेते सुपीक होतील. चांगलेच काम आहे, मी विरोध केलेला नाही. पण गव्हाळी म्हणजे तोच गाळ. ती ट्रॉलीत भरून गेली की पुढच्या दुष्काळात वर यायला खाली काही नसेल. मुरूम असेल. आणि मी तर तोवर नसेनच.

म्हणून रामहरीने पाडव्याच्या आत, गहू उभा असताना, एक दिवस यावे. मला कोणी उचलून नेले तरी चालेल. मी त्याला चारी कोपरे दाखवीन, चार ओंब्या खाऊ घालीन. मला गव्हाचे पोते नको आहे, गहू विकायचा नाही, कापायची घाई नाही. त्याने फक्त त्यात उभे राहावे आणि हे आपले आहे असे पाहावे. नंतर मशीनने नेले तरी त्याचे गेले असे होईल. आज नेले तर नुसता तलावाचा गाळ गेला असे होईल. दोन्हींत फरक आहे. तो कोणाला समजावून सांगता येत नाही, पण तो आहे.

तो दिवस झाला की गव्हाळी रामहरीची. ज्या दिवशी दाखवीन त्या दिवशी दिली, असे या कलमाने लिहून ठेवतो. सरकारची हरकत असेल तर सरकारने मला येऊन भेटावे.

फोन मी केला आहे. रामहरी म्हणाला, "दादा, कावून जिवाला घोर लावून घेता? येतो मी. मुकादम सोडंना झालाय, पर येतो. गव्हाचीच काळजी हाय ना तुमाला? मी हाय की." मी त्याला सगळे सांगितले नाही. फोनवर ओंब्यांचे कसे सांगायचे? आला की हात धरून नेईन, असे मनात धरले आहे.

फेब्रुवारी २०१६, माघ वद्य पक्ष, उंबरजवळा.

पुरवणी

ही पुरवणी वरील मृत्युपत्रास जोडून, त्याच शुद्धीत, पण जास्त खोकत, आडवे पडून लिहिली आहे. अक्षर वाकडे आहे त्याबद्दल माफी असावी. संस्थेची प्रोसिडिंगे लिहून मला एक खोड लागली आहे: जे झाले ते लिहिल्याशिवाय बैठक संपली असे वाटत नाही.

मशीन पाडव्याला यायची होती, ती होळीच्या आधीच आली. दुसऱ्या गावाचे काम लांबले म्हणून इथे मोकळी झाली. राधाकिशन धावत आला. मी त्याच्या हाती विठ्ठलरावांना निरोप पाठवला की माझा मुलगा येईपर्यंत गव्हाला हात लावू नका. विठ्ठलरावांनी शब्द दिला आणि पाळलाही, हे मी लिहिले पाहिजे. मशीन चारी बाजूंनी खणत गेली, गव्हाळी मध्ये तशीच ठेवली. इकडे रामहरीला राधाकिशननेच फोन लावला आणि सांगितले, मशीन उभी आहे, दादांचा गहू तेवढा राहिला आहे, तुझ्यासाठी थांबले आहेत.

रामहरी आला. कोणाची तरी मोटारसायकल मागून, रातोरात, एवढ्या लांबून आला. मी झोपलो असेन म्हणून घरी न येता उजाडताना थेट तलावात उतरला. ऊस तोडायचा कोयता त्याच्या कमरेलाच असतो. मी आजारी, माझ्या गव्हापायी मशीन खोळंबली, त्याला एकच दिवसाची रजा. त्याला जे उत्तम येते ते त्याने केले. बुडातून धरायचे आणि एका घावात खाली आणायचे. राधाकिशनलाही ओंब्यांचे ठाऊक नव्हते; तो सांगतो की असा हात त्याने पाहिला नाही, माणूस मान वर करत नव्हता. दिवस कासराभर वर यायच्या आत गव्हाळी मोकळी झाली. पिकला गहू विळ्याने हळू धरायचा असतो, कोयत्याचा दणका त्याला सोसत नाही. निम्म्या ओंब्या झडून भेगांत गेल्या. ते त्याला कुठून कळणार? उरलेल्याच्या त्याने मोळ्या बांधल्या, उसाच्या बांधतात तशा आवळून, आणि उसाचीच थप्पी मारतात तशी थप्पी मारली. मग मशीनवाल्याला हात करून म्हणाला, "घ्या, झालं मोकळं. लई थांबलात तुमी."

तो घरी आला तेव्हा अंगभर कुसळे होती आणि तोंडावर हसू. मी भिंतीला टेकून, धुतलेला सदरा घालून बसलो होतो. छबुबाईने पहाटेच अंघोळ घातली होती. कोपऱ्यात काठी तयार होती, मला तळ्यावर न्यायला राधाकिशनची गाडी येणार होती. रामहरीने माझे पाय धरले. म्हणाला, "दादा, झालं तुमचं काम. एका दमात काढला. एक काडी ठिवली न्हाई. आता निवांत ऱ्हावा."

मला ओरडावेसे वाटले. त्याला मारावेसे वाटले, लहानपणी कधी मारले नाही त्या मुलाला. छबुबाई दारात उभी होती, तिने तोंडाला पदर लावला, कारण तिला चार ओंब्यांचे माहीत होते. मी त्याच्या हातांकडे पाहिले. कोयता धरून धरून त्याची बोटे आता पुरती उघडत नाहीत. जे मी फोनवर बोललो नाही ते त्याला कसे समजावे? मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "लई चांगलं केलंस, बाबा."

नंतर धीर करून म्हणालो, "मला जरा तळ्यापत्तुर नेतोस का? नुसतं बघू." तर तो म्हणाला, "आता कावून, दादा? काम तर झालं. धूळ लई हाय, खोकला वाढंल." त्याला सांजेपर्यंत परत पोचायचे होते. सत्यभामा तिकडे खोपीवर एकटी. दोघा नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, त्यातला एक नसला की दुसऱ्याला काम देत नाहीत. छबुबाईच्या हातची भाकरी बांधून तो दुपारीच निघाला. जाताना वळून म्हणाला की पुढल्या वर्षी पाऊस झाला तर बरे होईल. मी होय म्हणालो.

तेवढ्यात तलावाकडून मशीनचा आवाज बदलला. दगड लागला की तसा होतो. चार वेळा झाला.

संध्याकाळी विठ्ठलराव आले. इतक्या वर्षांनी माझ्या ओट्यावर बसले. ट्रॅक्टर त्यांचाच पुढे होता, त्यामुळे गव्हाळीचा मोठा भाग त्यांच्या शेतात पडला आहे. बोटांना चिकटलेला गाळ चोळत राहिले; बिनभाषणाची ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच सभा असेल. मग म्हणाले, "शहादेव, तुजी माती लई भारी हाय बे. हातातून सुटंना." आणि म्हणाले, दोनचार ट्रॉल्या तुझ्या माळावर टाकू का? मी नको म्हणालो. माळाला उतार आहे, बांध नाही. पहिल्या पावसात ती पुन्हा तलावातच येईल, आणि आता वर यायला ती एक जागी असणार नाही.

सबब, वरील कलम सहा रद्द समजावे. गव्हाळी दाखवली गेली नाही, म्हणून दिली गेली नाही. माझ्यापाशी होती तोवर माझी होती, आणि आता ती कोणाचीच नाही. मी तिचा शेवटचा. हे लिहिताना मला कोणाचा राग नाही, विठ्ठलरावांचासुद्धा नाही. राग असता तर बरे झाले असते, छातीत दुसरे काहीतरी भरले असते.

छबुबाईने मोळ्या सोडून, झोडपून, पाखडून जो गहू काढला तो तिचा. त्यातला मूठभरही बी म्हणून ठेवू नये. तिने ठेवते म्हटले, मी नको म्हटले. पेरायचा कुठे?

शेवटची सूचना, आणि ही दोन्ही साक्षीदारांवर बंधनकारक आहे. मृत्युपत्र वाचताना कलम पाचपर्यंत वाचावे. कलम सहा आणि ही पुरवणी रामहरीला वाचून दाखवू नये, आणि त्याच्या हाती लागू देऊ नये. पाने राधाकिशनने ठेवावीत किंवा जाळावीत. विठ्ठलराव, दहाव्याला तुम्हाला बोलायला मी मनाई केली होती, ती उठवतो. उभे राहा, सहकार वगैरे काही काढू नका, आणि सगळ्या गावासमोर माझ्या मुलाला एवढेच सांगा की तुझ्या बापाचा गहू तू वेळेवर काढलास, आणि बाप समाधानाने गेला.

सही: शहादेव तात्याबा घोळवे

वरील मजकूर आमच्यासमोर लिहिला, वाचला व आम्हास कबूल आहे.

साक्षीदार: राधाकिशन पंडित तोंडे, तलाव चौकीदार

साक्षीदार: विठ्ठलराव सुंदरराव इंगोले (सांगीन.)

मुक्काम उंबरजवळा, ता. केज, जि. बीड. फाल्गुन, होळीचा आदला दिवस, मार्च २०१६.